फाडून पाहणें ही पारख नव्हे

हल्लीं मधल्या सुटींत पटांगणाच्या कडेस मुलांचा जो घोळका बसलेला दिसतो, तो गोट्यांचा नव्हे कीं भोंवऱ्यांचाही नव्हे. तो पोकेमॉन नांवाच्या जपानी खेळाच्या कार्डांचा असतो. एकाच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या खिशांची वही उघडलेली असते, दुसरा त्यांतील एका चित्रावर बोट ठेवून त्याच्या मोबदल्यांत आपलीं दोन देऊं करतो, आणि भोंवतालचे सारे पंचाच्या गांभीर्यानें सौद्याचा निवाडा करतात. येथवर सर्व ठीक आहे. परंतु सौदा अडला आणि कोणी ‘तुझें कार्ड खोटें आहे’ असा शब्द काढला, कीं पुढचा प्रकार ठरलेला. ‘खरें असेल तर फाडून दाखव!’ मग कार्डाचा धनी ईर्षेस पेटून तें खरोखरच मधोमध फाडतो. फाटलेल्या कडेवर काळी रेघ दिसली तर तो जिंकला, न दिसली तर हरला. आणि जिंकला तरी त्याच्या हातीं दोन तुकडेच उरतात. या परीक्षेविरुद्ध, आणि तिच्या मुळाशीं जी उतावळी समजूत आहे तिच्याविरुद्ध, आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

ज्या पालकांस हा सारा पोरखेळ वाटतो त्यांच्याकरितां प्रथम थोडी पूर्वपीठिका. अशीं कार्डें जन्मास आलीं तीं तंबाखूच्या धंद्यांत. सिगारेटचें पाकीट चेंगरूं नये म्हणून त्यांत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील व इंग्लंडांतील व्यापाऱ्यांनीं त्या तुकड्यावर नट, पक्षी, सैनिक आणि खेळाडू यांचीं चित्रें छापलीं, आणि लोक तीं जमवूं लागले. १९०९ ते १९११ या सालांत अमेरिकन टोबॅको कंपनीनें बेसबॉलपटूंचीं जीं कार्डें वाटलीं, त्यांत होनस वॅग्नर या खेळाडूचें कार्ड फारच थोडें निघालें. आपल्या चित्रासाठीं मुलांनीं तंबाखू विकत घ्यावी हें त्यास रुचलें नाहीं म्हणून त्यानें छपाई थांबविली, अशी एक हकीकत सांगतात. पैशांवरून तंटा होता असें दुसरे म्हणतात. कसेंही असो, त्या कार्डाच्या पन्नास-साठ प्रती उरल्या असाव्या असें मानतात, आणि त्यांतील एक प्रत २०२२ सालीं साडेबहात्तर लक्ष डॉलरांस विकली गेली. पुढें १९९३ सालीं रिचर्ड गारफील्ड यांनीं ‘मॅजिक’ नांवाचा कार्डांचा खेळ रचला, १९९६ च्या ऑक्टोबरांत जपानांत पोकेमॉनचीं कार्डें निघालीं, १९९९ सालीं तीं इंग्रजींत आलीं, आणि जमविण्याच्या छंदास खेळण्याची जोड मिळाली. ६३ मिलिमीटर रुंद व ८८ मिलिमीटर उंच असा तो पुठ्ठ्याचा तुकडा. पण पोकेमॉनच्या एका दुर्मिळ कार्डास २०२१ सालीं ५२ लक्ष डॉलरांहून अधिक किंमत आली.

जेथें किंमत आली तेथें नक्कल आलीच. २०२१ सालीं चीनमधील शांघाय येथील विमानतळावर जकात-अधिकाऱ्यांनीं पोकेमॉनचीं बनावट कार्डें पकडलीं, त्यांचें वजन ७.६ टन भरलें. माल नेदरलंड्सकडे निघाला होता. एक कार्ड पावणेदोन ग्रॅमांच्या आसपास भरतें हें ध्यानीं घेतलें, म्हणजे वेष्टनांचें वजन वजा जातांही ही संख्या लाखांच्या घरांत जाते हें पांचवीच्या मुलासही भागाकार करून पाहतां येईल. आपल्याकडे शाळेच्या कोपऱ्यावरील दुकानांत दहा-वीस रुपयांस जें पाकीट मिळतें, तें बहुधा याच जातीचें असतें. अधिकृत पाकिटास त्याच्या कितीतरी पट दाम पडतो, एवढ्यावरून सुज्ञ पालकांनीं काय तें ओळखावें. सोनेरी प्लॅस्टिकच्या पत्र्यासारखीं जीं झगझगीत कार्डें मुलें मोठ्या अभिमानानें मिरवितात, त्यांचीही गत तीच. कंपनीनें धातूचीं कार्डें मोजक्याच प्रसंगीं काढलीं आहेत, उदाहरणार्थ २०२१ सालच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या महागड्या पेटींत. तीं कोपऱ्यावरच्या दुकानांत दोरीला लटकत नसतात.

आतां त्या काळ्या रेघेविषयीं. पोकेमॉनचें खरें कार्ड एकाच जाड कागदाचें नसतें. दोन कागद एकमेकांस चिकटविलेले असतात आणि त्यांच्यामध्यें एक काळसर थर असतो. हा थर शोभेकरितां नव्हे. कार्ड दिव्यासमोर आलें असतां समोरच्या गड्यास तें आरपार दिसूं नये, म्हणून चांगले पत्ते बनविणारे कारखाने ही युक्ति योजतात. मॅजिकच्या कार्डांत तोच थर निळसर असतो. स्वस्त नकलांत हा थर बहुधा नसतो. फाडण्याच्या परीक्षेंत तथ्य आहे तें इतकेंच. परंतु ही परीक्षा सिद्ध काय करते? जें कार्ड खरें होतें तें आतां नाहीं, एवढेंच. दुसरें असें कीं, हुशार नकलाकार काळा थर असलेलाच पुठ्ठा मिळवितात. मग रेघ दिसूनही निकाल चुकतो. म्हणजे वस्तु गेली ती गेली, आणि खात्रीही आली नाहीं. शुभवर्तमानांतील निदणाचा दृष्टांत येथें सहज आठवतो. गव्हांत निदण उगवलेलें पाहून चाकर तें उपटावयास निघाले, तेव्हां त्याबरोबर गहूंही उपटला जाईल या भीतीनें धन्यानें त्यांस आवरलें. आमच्या पटांगणांतील चाकर धन्यास विचारण्यापुरतेही थांबत नाहींत.

कोणी म्हणेल, सोनार दागिना कसास लावतोच कीं. लावतो, आणि दगडावर जी पिवळी रेघ उमटते तेवढें सोनें त्या परीक्षेंत खर्चीही पडतें. पण सोन्यास तें सोसतें, कारण उरलेलें सोनें सोनेंच राहतें. पुठ्ठ्याच्या चित्राची सारी किंमत त्याच्या अखंडपणांत असते. कोपरा किंचित् दुमडला किंवा कडेस पांढरें उमटलें तरी ती घसरते. या कामीं आपल्या आजोबा-पणजोबांची रुपया पारखण्याची रीत आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते. चांदीचा रुपया घेतांना ते तो दगडी पायरीवर वाजवून घेत; खणखणीत नाद आला तर कनवटीस लावीत, बद्द वाजला तर परत करीत. त्यांत रुपयाचें कांहीं बिघडत नसे, आणि देणाऱ्यासही अपमान वाटत नसे, कारण दुसऱ्याचा रुपया तोही असाच वाजवून घेत असे. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. तिच्याकडे पुढें वळूं. आर्किमिडीजनें राजाचा मुकुट न वितळवितां पाण्याच्या साह्यानें पारखला ही कथा तर आपल्या विद्यार्थ्यांस तोंडपाठच आहे. प्रश्नपत्रिकेंत ती लिहिणारा मुलगा मधल्या सुटींत कार्ड फाडतो, याचा अर्थ धडा पाठ झाला पण अंगीं लागला नाहीं, असाच करावा लागेल.

तर मग न फाडतां पारखावें कसें? या सर्व विद्येचा पाया एकच आहे, आणि तो म्हणजे तुलना. एकटें कार्ड हातीं घेऊन ‘हें खरें वाटतें कीं खोटें?’ असा कौल मनाला लावण्यांत अर्थ नाहीं. त्याच संचांतील, त्याच भाषेंतील आणि शक्यतों त्याच सालचें, ज्याच्या खरेपणाविषयीं शंका नाहीं असें दुसरें कार्ड शेजारीं हवें. त्याच संचांतील म्हणण्याचें कारण असें कीं, पुठ्ठ्याची जाडी, शाईची छटा आणि अक्षरांचें वळण हीं खऱ्या कार्डांतही छापखान्यागणिक व सालागणिक थोडीं बदलतात. १९९९ च्या कार्डाशीं आजचें कार्ड ताडून पाहणारा खऱ्यालाच खोटें ठरवावयाचा. हात धुऊन कोरडे करावे. डब्यांतील लोणच्याचें तेल बोटांस असतांना जो परीक्षेस बसतो, तो परीक्षा होण्यापूर्वींच वस्तूस डाग लावतो. कार्ड कडांनीं धरावें, आणि टेबलावर ठेवतांना खालीं स्वच्छ कोरा कागद अंथरावा.

पहिली परीक्षा नुसत्या डोळ्यांची. आणि आमच्या मतें दहांपैकीं बहुतेक नकला येथेंच उघड्या पडतात, मात्र मुलें ही पायरी गाळून एकदम पुढें उडी मारतात. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडांत दोन्ही कार्डें पालथीं ठेवावीं. पाठीवरील निळा रंग नकलेंत जांभळट किंवा फिकट उतरतो, आणि मधल्या चेंडूची कड जेथें रेखीव हवी तेथें ती पसरट असते. मग कार्डें उताणीं करून वाचावीं. होय, वाचावींच, चित्र पाहणारे पुष्कळ, वाचणारे थोडे. इंग्रजी ‘पोकेमॉन’ या शब्दांतील ‘ई’ या अक्षराच्या डोक्यावर एक तिरकी रेघ असते; नकलाकार ती वारंवार विसरतो. हिज्जे चुकतात, ओळींतील अंतर चुकतें, एका प्राण्याच्या नांवाखालीं भलत्याच प्राण्याचें सामर्थ्य छापलेलें असतें. खालच्या कोपऱ्यांत कार्डाचा क्रमांक व संचांतील एकूण संख्या असते. १९९९ च्या पहिल्या इंग्रजी संचांत १०२ कार्डें होतीं. त्यांतील चारिझार्ड या अग्निसर्पाचा क्रमांक चौथा आणि त्याचें बळ १२०. तोच चारिझार्ड जर कोणाच्या वहींत दुसरा क्रमांक आणि हजारांवर बळ घेऊन विराजमान झालेला दिसला, तर भिंग आणण्याचे श्रम वांचले. नव्या काळच्या कांहीं महाग कार्डांच्या पृष्ठावर बोटांच्या ठशासारख्या अतिसूक्ष्म उंच रेघा असतात. नकलेंत तेथें नुसता गुळगुळीत चकचकाट असतो. या रेघा नखानें खरवडून पाहूं नयेत. कार्ड उजेडांत थोडें तिरपें करतांच त्या आपोआप दिसतात.

दुसरी युक्ति आम्हांस विशेष आवडते, कारण तीस उपकरण म्हणून कांहींच लागत नाहीं. निःसंशय खऱ्या अशा दहा कार्डांची गड्डी करून संशयित कार्ड तिच्या मधोमध घालावें, गड्डी टेबलावर हलकेच ठोकून सारखी करावी, आणि मग तिच्या कडेकडे डोळे नेऊन पाहावें. अर्ध्या मिलिमीटराचा फरकही तेथें पायरीसारखा पुढें आलेला दिसतो. शिवाय खऱ्या कार्डांच्या कडांत ती सुप्रसिद्ध काळसर रेघ, चांगल्या उजेडांत व भिंगाखालीं, न फाडतांच दिसते! ज्या रेघेसाठीं एवढा संहार चालला आहे ती बाहेरून दिसण्याजोगी आहे, ही गोष्ट फाडणाऱ्यांच्या ध्यानांत कशी येत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

अंधाऱ्या खोलींत कार्डामागें विजेरी किंवा भ्रमणध्वनीचा दिवा धरला, तर खऱ्यांतून उजेड फारच थोडा झिरपतो आणि नकल पुष्कळदां पणतीवर धरलेल्या कागदासारखी उजळते. हा प्रयोग मुलांस फार आवडतो, पण यावर एकट्यावर विसंबूं नये. काळा थर असलेल्या नकला यांतून सहज निसटतात, आणि दिव्यांचे जोरही सारखे नसतात. म्हणून दोन्ही कार्डें त्याच दिव्यावर, तितक्याच अंतरावर धरावीं.

खरी मौज भिंगाची आहे. घड्याळजी किंवा सोनार डोळ्यास लावतात तसलें दहापट मोठें दाखविणारें भिंग घ्यावें. त्यांतून पाहतां चित्र नाहींसें होतें आणि ठिपक्यांचें एक राज्य दिसूं लागतें. छापखान्यांतील ऑफसेट यंत्र निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चारच शाया वापरतें. प्रत्येक शाईच्या ठिपक्यांची जाळी वेगळ्या कोनांत बसविलेली असते, आणि त्या जाळ्या एकमेकींवर पडून लहान लहान फुलांची नक्षी तयार होते. घरगुती छपाईयंत्राचे ठिपके असे रांगेंत नसतात. ते रांगोळी उधळावी तसे विखुरलेले असतात. मग काळीं अक्षरें पाहावीं. खऱ्या कार्डांत तीं काळ्या शाईच्या स्वतंत्र छापानें उमटविलेलीं असतात, म्हणून त्यांची कड ठळक आणि पोट भरीव दिसतें. नकलाकार बहुधा खऱ्या कार्डाचें छायाचित्र घेऊन त्यावरून छापतो. त्यामुळें त्याचीं अक्षरेंही चित्राप्रमाणें रंगीबेरंगी ठिपक्यांचींच होतात. मॅजिकच्या कार्डांत तर पाठीवर पांच रंगांचीं जीं वर्तुळें आहेत, त्यांतील हिरव्यांत भिंगानें पाहिलें असतां चार तांबडे ठिपके काटकोनाच्या आकृतींत मांडलेले आढळतात, आणि जाणते संग्राहक प्रथम तेथेंच भिंग लावतात. इतकी बारीक खूण बोटभर पुठ्ठ्यांत दडलेली असते, आणि तिच्याकरितां कार्डास ओरखडाही पडत नाहीं.

वजनाची परीक्षाही आहे. सोनाराच्या किंवा प्रयोगशाळेच्या काट्यावर खरें व संशयित अशीं दोन्ही तोलावीं. फरक बराच असला तर तो बोलका समजावा, थोडा असला तर नाहीं. जुन्या कार्डांकरितां, म्हणजे वर सांगितलेल्या तंबाखूच्या काळच्या, अतिनील किरणांचा दिवा उपयोगी पडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यांत कांहीं रसायनें घालूं लागले. तीं त्या दिव्याखालीं निळसर चमकतात. १९०९ चें म्हणविणारें कार्ड तसें चमकलें, तर त्याच्या जन्मपत्रिकेंत घोटाळा आहे. हा दिवा डोळ्यांत मात्र घेऊं नये, आणि लहानांनीं तो वडील माणसांच्या देखत वापरावा.

या सर्व रीतींचें माहात्म्य पटविणारी एक अलीकडील हकीकत सांगतों. पोकेमॉनचा कार्डखेळ १९९६ च्या सुमारास तयार होत असतां, खेळून पाहण्याकरितां म्हणून केलेलीं कांहीं कच्चीं नमुना-कार्डें फार वर्षांनीं विक्रीस आलीं. तज्ज्ञांनीं तीं खरीं असल्याचा निर्वाळा देऊन प्लॅस्टिकच्या डब्यांत सीलबंद केलीं, आणि लोकांनीं मोठमोठ्या रकमा मोजल्या. २०२५ च्या जानेवारींत कांहीं चिकित्सक संग्राहकांनीं या कार्डांचीं मोठीं प्रतिचित्रें बारकाईनें पाहिलीं, तेव्हां त्यांतील अनेकांवर अतिशय फिकट पिवळ्या ठिपक्यांची एक जाळी आढळली. ही जाळी कार्ड करणाऱ्यानें काढलेली नव्हती. यंत्रानें काढलेली होती. गोष्ट अशी आहे कीं, अनेक रंगीत छपाईयंत्रें छापलेल्या प्रत्येक कागदावर स्वतःचा क्रमांक व छपाईची तारीख-वेळ अशा पिवळ्या ठिपक्यांत गुपचूप लिहून ठेवतात. खोट्या नोटा छापणारा सांपडावा हा मूळ हेतु. पांढऱ्या कागदावर पिवळा ठिपका डोळ्यास दिसत नाहीं. पण निळ्या प्रकाशांत तो काळा दिसतो, कारण पिवळी शाई निळा प्रकाश शोषून घेते. अमेरिकेंतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनें २००५ सालीं झेरॉक्स कंपनीच्या एका यंत्राची ही लिपि उलगडून प्रसिद्ध केली होती. पंधरा स्तंभ आणि आठ ओळी यांत बसलेले ते ठिपके वाचण्याची तऱ्हा माहीत असली, म्हणजे कागद आपली जन्मतिथि स्वतःच सांगतो. त्या नमुना-कार्डांपैकीं कांहींनीं जें साल सांगितलें तें १९९६ नव्हतें. तें २०२४ होतें.

विद्यार्थ्यांनीं या हकीकतींतील एक गोष्ट टिपून ठेवावी. येथें कोणीही कार्ड फाडलें नाहीं, वांकविलें नाहीं, पाण्याचा थेंबही सोडला नाहीं. किंबहुना सीलबंद डबीसुद्धां उघडली नाहीं. निळ्या प्रकाशांत पिवळें काळें दिसतें हा प्रकाशशास्त्राचा धडा, थोडें अंकगणित आणि पुष्कळ चिकाटी एवढ्यावर तें सारें झालें. आणि ज्यांनीं तें केलें ते धंदेवाईक तज्ज्ञ नव्हते, हौशी लोक होते.

यावरून तज्ज्ञांच्या प्रमाणपत्रास कांहींच किंमत नाहीं असें मात्र आम्हांस म्हणावयाचें नाहीं. किंमत आहे, पण ती श्रद्धेच्या दराची नसावी. वॅग्नरच्या कार्डाची एक अत्यंत सुंदर प्रत १९९१ सालीं प्रमाणित होऊन डबींत बसली, आणि तिच्या कडा इतक्या तीक्ष्ण कशा राहिल्या याचें लोकांनीं कित्येक वर्षें कौतुक केलें. २०१३ सालीं बिल मास्ट्रो या लिलाव-व्यापाऱ्यानें न्यायालयांत कबूल केलें कीं, ती आपण पूर्वींच कापून सुबक केली होती. कार्ड खरें, कडा खोट्या! २०२२ च्या जानेवारींतील प्रकार तर नाटकांत शोभावा असा आहे. लोगन पॉल या अमेरिकन तरुणानें पहिल्या आवृत्तीच्या पोकेमॉन पाकिटांची म्हणून एक सीलबंद पेटी ३५ लक्ष डॉलरांस घेतली. बाहेरून तिची पारख होऊन ती खरी ठरली होती. उघडून पाहतां आंत जी. आय. जो या भलत्याच खेळण्याचीं कार्डें निघालीं. न उघडतां पारखण्याच्या विद्येसही मर्यादा आहेत, हें येथें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. बंद पेटीच्या पोटांत भिंग शिरत नाहीं. म्हणून ज्या वस्तूची पाठ, पोट आणि कड आपल्यास पाहूं देत नाहींत, तिच्यासाठीं मुलांनीं आपला खाऊचा पैसा घालूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां पालकांशीं थोडें बोलूं. कांहीं जणांचें म्हणणें असें कीं, तंट्याचें मूळच नको. शाळेनें या वह्या जप्त कराव्या. आम्हांस हें पटत नाहीं. जप्त केल्यानें अदलाबदल थांबत नाहीं. ती पटांगणांतून उठून गल्लींत जाते, आणि तेथें लहानाच्या बाजूनें बोलणारें कोणी नसतें. खरें दुखणें कार्डांत नाहींच. दहा रुपयांच्या पाकिटांतील नकलेनें मुलाचें कांहीं वाईट होत नाहीं. तिनें खेळतां येतें, चित्रें पाहतां येतात, प्राण्यांचीं नांवें पाठ करतां येतात. दुखणें तेव्हां सुरू होतें, जेव्हां आठवीं-नववींतील एखादा मुलगा आपलें सोनेरी कार्ड खोटें आहे हें पक्कें जाणून तें पांचवींतल्या भाबड्या पोराच्या हातीं देतो आणि मामानें परदेशाहून आणलेलें त्याचें खरें कार्ड काढून घेतो. त्या लहानग्यास घरीं गेल्यावर थोरल्या भावाकडून सत्य कळतें. दुसऱ्या दिवशीं तो शाळेंत येतो तो रडत नाहीं. तो आपल्याजवळचें खोटें कार्ड चौथींतल्या कोणास तरी खपवूं पाहतो. बद्द रुपया हातोहात जसा खालीं खालीं सरकत जातो तसाच हा प्रकार, आणि शेवटीं तो ज्याच्यापाशीं थांबतो तो सर्वांत लहान असतो. येथें पोलीस नको, जप्ती नको. सौद्यापूर्वीं सर्वांदेखत पारख करण्याची चाल पडली पाहिजे.

पूर्वींचे लोक एकमेकांचे रुपये वाजवून घेत आणि त्यांत कोणास राग येत नसे, असें वर म्हटलें तें याचकरितां. आज आपल्या मुलांत ‘दाखव, पाहूं दे’ म्हणणें म्हणजे ‘तूं लबाड आहेस’ म्हणणें, असा अर्थ होऊन बसला आहे. त्यामुळें भिडस्त मुलगा विचारीत नाहीं आणि फसतो. तापट मुलगा विचारतो आणि मारामारी होते. प्रत्येक अदलाबदलींत दोन्हीं बाजूंचीं कार्डें भिंगाखालीं जाणारच असा नेम ठरला, तर विचारणाऱ्यास भीड नाहीं आणि देणाऱ्यास अपमान नाहीं. आणि ज्याचें कार्ड खोटें निघालें तो लबाड, असें तर मुळींच समजूं नये. बहुतेकदां तोच प्रथम फसलेला असतो. त्याच्या तोंडावर तसें ओरडणें म्हणजे कार्डाऐवजीं मुलगाच फाडून पाहणें होय.

दोन-तीन निरनिराळ्या परीक्षांनीं निश्चित खोटें ठरलेल्या कार्डाच्या पाठीवर त्याच्या धन्यानें स्वतः शाईनें ‘नक्कल’ हा शब्द लिहावा, अशी आमची सूचना आहे. यावर कोणी हसून म्हणेल कीं, कार्डास इजा करूं नका म्हणणाऱ्यांनींच आतां दौत काढली! पण नकलेच्या पाठीस किंमत नसते. पुढचें चित्र जसेंच्या तसें राहतें, खेळतां येतें, आणि तें कार्ड पुन्हां कोणा लहानास खरें म्हणून देतां येत नाहीं. जेथें संशय नुसता संशयच उरला, तेथें मात्र दौतीस हात लावूं नये. तें कार्ड तसेंच वहींत ठेवावें आणि सौद्यांत घेऊं नये. अधिक जाणतें कोणी भेटेल, किंवा त्याच संचांतील खरें कार्ड हातीं येईल, तोंवर त्यास थांबावयास कांहीं हरकत नसते.

शाळेच्या प्रयोगशाळेंत सूक्ष्मदर्शक आहे, भिंगें आहेत, आणि ग्रॅमाचा शंभरावा भाग दाखविणारा काटाही आहे. शनिवारीं सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास ती उघडी ठेवण्याची विज्ञानशिक्षकांनीं कृपा केली, तर मुलांनीं आपापलीं कार्डें घेऊन हात धुऊन तेथें जावें. एका वेळीं एकच कार्ड भिंगाखालीं जाईल, म्हणून पहिला मान कोणाच्या कार्डाचा हें चिठ्ठ्या टाकून ठरवावें. नाहींतर त्यावरूनच पहिला तंटा व्हावयाचा.